पोहरादेवीची वाट आणि जड पावलांची पहिली शर्यत

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी ही तेथील मुख्य श्रद्धास्थाने आहेत. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही तांड्यातांड्यांवरून माणसे येतात. अलीकडे या गावात नगाऱ्याच्या आकाराची एक भव्य वास्तू उभी राहिली आहे. बंजारा विरासत संग्रहालय या नावाने तिचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि तेव्हापासून यात्रेच्या दिवसांखेरीजही गावात पाहुण्यांचा राबता वाढला आहे.

जैन कुटुंबांना या परिसराची ओळख बहुधा दुसऱ्या कारणाने असते. वाशीम जिल्ह्यातच मालेगाव तालुक्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. जुनी मंदिरे, भट्टारकांच्या गाद्या आणि हस्तलिखितांचे भांडार यांमुळे नावाजलेले कारंजाही याच जिल्ह्यात आहे. कारंजाहून मानोऱ्याकडे निघालेला प्रवासी पोहरादेवीच्या मुलखात शिरतो तेव्हा दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि मधूनमधून सागाची व पळसाची विरळ राने दिसू लागतात. रस्ता सपाट नाही. तो हलकेच चढतो, हलकेच उतरतो, आणि पुढच्या उंचवट्यामागे काय आहे ते शेवटपर्यंत सांगत नाही.

या वाटेवर एखाद्या हिवाळ्यात पहिल्या शर्यतीची तयारी करायची असेल, आणि ती करणारा गृहस्थ अंगाने जड, वयाने चाळिशीपलीकडचा, दिवसभर गादीवर बसणारा असेल, तर त्याला शिकवण्यासारखे पुष्कळ काही या भूमीच्या इतिहासातच आहे.

तांड्याची चाल

आगगाडी येण्यापूर्वी देशाचे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून फिरत असे. हा व्यापार प्रामुख्याने बंजाऱ्यांच्या हाती होता. त्याला लदेणी म्हणत. पेढीवरचा व्यापारी माल भरून देई आणि तांड्याचा नायक तो शेकडो कोस दूरच्या बाजारात पोहोचता करी. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा. त्यांचे आयुष्य याच भटक्या व्यापाराच्या काळातले. पुढे इंग्रजांचे पक्के रस्ते आणि रेल्वे आली, लदेणी बसली आणि तांडे जागोजागी स्थिरावले. विदर्भातील अनेक तांड्यांची वस्ती या घडामोडीची खूण आहे.

या तांड्यांच्या चालीविषयी एक लेखी साक्ष उपलब्ध आहे. पीटर मंडी हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्याला वाटेत धान्य वाहणारा एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. बायकामुले, संसार, सारे बरोबर होते. मंडीने आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती आजच्या धावपटूच्या कामाची आहे. हा तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त जात नसे आणि तेही थंड वेळेतच.

सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आजच्या शर्यतींत नवशिक्यांसाठी जे मोठे अंतर समजले जाते, ते हेच दहा किलोमीटर. ज्यांचा चरितार्थ अंतर कापण्यावर होता, ज्यांना वाटा, पाणी आणि ऋतू यांचे उपजत ज्ञान होते, त्यांनी भरल्या बैलाकडून दिवसात एवढ्याच चालीची अपेक्षा ठेवली. बैल पळू शकत नव्हता असे नाही. पण पाठीवर गोण असताना पळवलेला बैल दुसऱ्या दिवशी उठणार नाही, हे नायकाला ठाऊक होते. तांडा एका दिवसाच्या वेगावर चालत नव्हता, तर ऋतूअखेर किती बैल धडधाकट राहतात या हिशेबावर चालत होता.

जड शरीराने धावायला निघालेला माणूस हा एका अर्थाने लादलेला बैल आहे. त्याने चाल कोणाची घ्यावी, रिकाम्या घोड्याची की भरल्या तांड्याची, या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्याची शर्यत ठरते.

गादीचे ओझे

कारंजा, मानोरा, दिग्रस, वाशीम या बाजारपेठांत असा गृहस्थ शोधावा लागत नाही. सकाळी नऊ-दहाला दुकान उघडायचे, गिऱ्हाईक असो वा नसो, रात्रीपर्यंत गल्ल्यापाशी बसायचे, माल दाखवायला नोकर, चहा आणायला मुलगा, आणि घर दुकानाच्या वरच्याच मजल्यावर. कष्ट नाहीत असे नव्हे. डोके सतत राबत असते. पण पाय राबत नाहीत. तिशीत पॅन्टचा पट्टा एका भोकाने सरकतो, चाळिशीत जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावे लागते, आणि एका तपासणीत साखर वाढलेली निघते.

बसण्याच्या धंद्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे एक जुने आणि बोलके निरीक्षण भारतातलेच आहे. पश्चिम बंगालमधील एका ज्यूट गिरणीच्या परिसरात जीन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची नोंद घेतली. ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. ओझी वाहणारे मजूर भरपूर खात आणि सडपातळ राहत. दिवसभर जागेवर बसून असणारे दुकानदार मात्र मजुरांच्या तोडीचे खात आणि सर्वांत वजनदार होते. हालचाल अगदी थांबली की भूक त्या प्रमाणात कमी होत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच दशकात लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले की बसचालकांना हृदयविकार जास्त होतो आणि दिवसभर दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना कमी. रस्ता तोच, बस तीच. फरक बसण्याचा आणि चढण्याचा.

भारतीय शरीराबाबत आणखी सावध राहावे लागते. येथील लोकांना मधुमेह तुलनेने कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. दिलासा देणारी बाजू अशी, की तो रोखताही येतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांवर तीन वर्षे अभ्यास केला. २००६ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्यांना आहारावर ताबा आणि रोजचे चालणे यांची सवय लावली, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले. त्यासाठी कोणी मॅरेथॉन धावले नव्हते. रोज अर्धा तास चालणे हा त्यातला मुख्य व्यायाम होता.

मग शर्यत कशाला? कारण तारीख ठरल्याशिवाय व्यापारी माणूस काम हाती घेत नाही. ‘उद्यापासून चालू’ ही उधारी कधी वसूल होत नाही. शर्यतीत नाव नोंदवणे म्हणजे त्या उधारीवर मुदत घालणे.

आधी चालणे, मग धावणे

तयारीला योग्य काळ दिवाळीनंतरचा. लाभपंचमीला पेढीचे व्यवहार सुरू झाले, की त्याच आठवड्यात पायांचेही सुरू करावेत. विदर्भातील मार्च ते जून हे महिने नवशिक्याला धावण्याचे नव्हेत. पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते, की प्रत्येक पाय दुप्पट जड होतो. कार्तिक ते माघ हाच काय तो थंड वेळ, तांड्याच्या भाषेत चालीचा हंगाम.

पहिले पाऊल मात्र रस्त्यावर टाकायचे नसून डॉक्टरांकडे टाकायचे आहे. चाळिशी उलटलेल्या आणि वजन जास्त असलेल्या माणसाने रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी केल्याखेरीज धावण्याचा विचार करू नये. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी श्रम केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. औषधाची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

पहिले तीन आठवडे फक्त चालणे. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. गावाबाहेर मानोरा-दिग्रस भागात शेतांकडे जाणारे पांदण रस्ते भरपूर आहेत. हिवाळ्यात वाळलेल्या पांदणीची माती सिमेंटच्या रस्त्यापेक्षा पायाला मऊ लागते. डांबरी रस्त्याने जायचे असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. हा हंगाम कापसाच्या गाड्यांचा आणि ट्रॅक्टरांचा आहे. पहाटेच्या अंधुक प्रकाशात भरलेल्या ट्रॉलीमागचा चालक माणसाला वेळेवर पाहील, यावर विसंबू नये. अंगात पांढरा किंवा भडक रंगाचा सदरा असावा.

चौथ्या आठवड्यापासून चालण्यात धावणे मिसळायचे, तेही चिमटीने. अमेरिकेत जोश क्लार्क यांनी १९९६ साली घरबसल्या माणसाला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा एक क्रम तयार केला. आज जगभर लाखो नवशिके तोच वापरतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. सुरुवातीला पाच मिनिटे भरभर चालायचे, मग साठ सेकंद धावणे आणि नव्वद सेकंद चालणे, असे वीस मिनिटे आलटून पालटून. पुढे दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढतो. वजन जास्त असलेल्या माणसाने यात एक बदल करावा. जो आठवडा जड गेला, तो पुन्हा करावा. नऊ आठवड्यांचे बारा झाले तर काही बुडत नाही.

धावता धावता मुद्दाम चालणे हा कमीपणा नव्हे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे पुढे अनेक वर्षे नवशिक्यांना हेच शिकवत आले, की थकल्यावर चालू नका, थकण्याआधीच चाला. नायकही बैल बसल्यावर मुक्काम करीत नसे. तो मुक्काम आधीच नेमलेला असे.

अडीच क्विंटलचा हिशेब

ही सावधगिरी कशासाठी, हे आकड्यांत पाहिले तर पटते. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सारे शरीर एका पायावर उतरते. त्या वेळी पायावर येणारा भार वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट असतो. शंभर किलोच्या गृहस्थाच्या बाबतीत दर पावलाला अडीच क्विंटलच्या आसपास भार होतो. एका किलोमीटरमध्ये हजाराहून अधिक पावले पडतात. इतका माल रोज हमालाच्या पाठीवर टाकायचा असेल, तर शहाणा व्यापारी आधी पाठीची ताकद पाहील.

यात एक मेख आहे. छाती लवकर तयार होते, पाय सावकाश. तीन-चार आठवड्यांत दम पुरू लागतो आणि माणसाला वाटते, आता वेग वाढवावा. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा आणि खुद्द हाडे यांना नव्या भाराशी जुळवून घ्यायला महिने लागतात. म्हणून नवशिक्यांची बहुतेक दुखणी पहिल्या दिवशी नव्हे, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात उद्भवतात. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखणे, सकाळी पलंगावरून उतरताच टाचेत कळ येणे, गुडघ्याच्या वाटीभोवती ठणका, ही त्याची ओळखीची रूपे.

कोणते दुखणे सोसावे आणि कोणते नाही, याची खूण सोपी आहे. मांड्या आणि पोटऱ्या दोन दिवस आंबल्या तर ते नवे भाडेकरू समजावेत. ते आपणहून निघून जातात. एकाच जागी टोचणारी, धावल्यावर वाढणारी किंवा चाल लंगडी करणारी कळ असेल, तर धावणे थांबवून केवळ चालावे आणि आठवड्यात कमी झाली नाही तर डॉक्टर गाठावा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर जागीच थांबून तत्काळ उपचार घ्यावेत. तेथे धीर दाखवायचा नसतो.

‘या वजनाने पळाल तर गुडघे जातील,’ असे घरातील वडीलधारे हमखास सांगतात. त्यांची काळजी खरी असते, पण आकडे थोडे वेगळे सांगतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका निष्कर्षात, हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली, तर बैठे जीवन जगणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर होते. ज्यांचे गुडघे मुळात बरे तेच धावत राहतात, हेही यात धरले पाहिजे. तरी सांधा बसून सुरक्षित राहतो ही समजूत त्यातून टिकत नाही.

वेग किती असावा, याचे माप घड्याळात नाही, तोंडात आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. सोबत कोणी नसेल तर एकोणीसचा पाढा म्हणून पाहावा. पाढा मध्येच तुटला, तर वेग कमी करावा. या चालीने किलोमीटरला नऊ-दहा मिनिटे लागतील. लागू द्यावीत. चढ आला की चालावे, उतारावर पावले आखूड टाकावीत. उतारच गुडघ्यांना जास्त त्रास देतो.

बूट हा या सर्व प्रकरणातला एकमेव मोठा खर्च. ते संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे माप हवे. धावण्याचे बहुतेक बूट कापडी आणि कृत्रिम साहित्याचे असतात, त्यामुळे चामडे न वापरणाऱ्या घरांचीही अडचण होत नाही. तरी दुकानात विचारून घ्यावे. अंगाने जड माणसाला सर्वांत जास्त छळते ते मांड्यांचे घासणे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. आतून घट्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालावी, निघण्यापूर्वी खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे. एवढ्या साध्या गोष्टीअभावी अनेकांनी दुसऱ्याच आठवड्यात धावणे सोडले असेल.

सूर्य, पाणी आणि ताट

सूर्यास्तापूर्वी जेवण आणि सूर्योदयानंतर नवकारशी, असा ज्या घरांचा नियम आहे, त्यांना पहाटेच्या धावण्याचे गणित नीट मांडावे लागते. पौषात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यात अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवली, तर पावणेआठपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. आदल्या संध्याकाळपासून तेरा-चौदा तासांचा हा अवधी होतो. हिवाळ्यातील गारव्यात अर्ध्या-पाऊण तासाची संथ चाल-धाव निरोगी माणसाला एवढ्यावर सोसते, मात्र आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी पाणी भरपूर प्यालेले असावे. अंतर वाढले, की नवकारशीनंतर केळे किंवा मूठभर भिजवलेले चणे खाऊन निघणे बरे. दुकान एक दिवस तासभर उशिरा उघडले तर पेढी बुडत नाही. उपवासाच्या दिवशी धावू नये. हलके चालावे, तेही उन्हाआधी. मधुमेही माणसाने येथे डॉक्टरांचा शब्द शेवटचा मानावा.

घरचा आहार या कामाला उत्तम आहे. ज्वारीची भाकरी, मूग, मटकी, ताक, गूळ-शेंगदाणे यांत बळही आहे आणि पोषणही. अडचण घरच्या ताटात नसून आमंत्रणाच्या ताटात आहे. तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू होते, आणि शर्यतीच्या तयारीचे महिने नेमके तेच. शंभर किलोचा माणूस एक किलोमीटर धावला तर साधारण शंभर किलोकॅलरी खर्च होतात. पाच किलोमीटरची आठवड्याची मोठी धाव एका पंगतीतील मिठाई सहज परत भरून देते. म्हणून केवळ धावून वजन उतरेल या आशेवर राहू नये. काटा हलला नाही तरी जिना चढताना दम लागत नाही, झोप शांत लागते, पट्टा एका भोकाने आत येतो, तीन महिन्यांनी साखरेची सरासरी सुधारते, हा खरा नफा. तो आधी जमा होतो, वजनाची वजावट मागाहून दिसते.

बाजाराची नजर

या सर्वांत कठीण काय, असे विचारले तर दम नव्हे, गुडघे नव्हेत, तर ओळखीची माणसे. छोट्या गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. चहाच्या टपरीवरून पहिल्याच दिवशी हाक येते, “काय शेटजी, मागे कोण लागलंय?” दुसऱ्या दिवशी एखादा दुचाकीस्वार थांबून विचारतो, “भाऊ, गाडी बंद पडली का? बसा, सोडून देतो.” त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्याने आयुष्यभर बाजारात पत सांभाळली, त्याला घामाघूम, धापा टाकत, लोकांसमोर हळू धावणे ही पत उतरल्यासारखी वाटते. अनेकांची तयारी येथेच संपते.

घरातील स्त्रियांची परीक्षा याहून मोठी. त्यांच्या नशिबी हाकेऐवजी टकामका नजरा आणि घरातले प्रश्न येतात. सासू-सून, जावा-जावा, शेजारणी अशा दोघी-तिघींनी मिळून निघाले, तर नजरा निम्म्या होतात आणि सुरक्षितताही वाढते. सैल पंजाबी पोशाख, चांगले बूट आणि छातीला नीट आधार देणारी अंतर्वस्त्रे एवढी सामग्री पुरते. आरोग्याच्या धोक्यांनी स्त्रीला वगळलेले नाही, तर व्यायामातून तिला वगळण्याचे कारण काय?

बाजाराच्या नजरेवर एकच उपाय आहे, आणि तो व्यापाऱ्याला शिकवायला नको. नवे दुकान उघडले, की पहिला महिना लोक बघायला येतात, घ्यायला नाही. दुकान रोज वेळेवर उघडत राहिले, की ते बाजाराचाच भाग होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर टपरीवरचा माणूस थट्टा सोडून विचारू लागतो, “आज उशीर झाला, भाऊ?” आणि एखाद्या सकाळी त्याच गल्लीतला दुसरा, तितकाच जड गृहस्थ चपला काढून बूट घालतो. खरे तर पहिल्या माणसाची शर्यत तेव्हाच सुफळ झालेली असते.

शर्यतीचा दिवस

महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून भरते. मुंबईची शर्यत जानेवारीतील तिसऱ्या रविवारी असते आणि तिच्यात पूर्ण व अर्ध्या मॅरेथॉनखेरीज दहा किलोमीटर आणि सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन असते. ड्रीम रनमध्ये हजारो माणसे चालत जातात आणि त्यांना कोणी हसत नाही. हिवाळ्यात नागपुरासारख्या शहरांतही पाच आणि दहा किलोमीटरच्या धावा होतात. दिवाळीनंतर सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी पाच किलोमीटरच निवडावेत. दहा किलोमीटर, म्हणजे तांड्याचा पुरा दिवस, दुसऱ्या हिवाळ्यासाठी ठेवावा. नाव नोंदवताना दोन गोष्टी पाहाव्यात. शर्यत किती वाजता सुटते, आणि ती संपवायला किती वेळ देतात. नवकारशीचा नियम असणाऱ्याला उशिरा सुटणारी धाव सोयीची.

माघात सेवालाल महाराजांच्या जयंतीला, १५ फेब्रुवारीच्या सुमारास, पोहरादेवीच्या परिसरात माणसांची वर्दळ असते. लाभपंचमीला निघालेल्याच्या तयारीचाही तोवर शेवटचा टप्पा आलेला असतो. शर्यतीच्या आधीचा आठवडा निम्म्या अंतराचा ठेवावा. नवे बूट, नवा कपडा, नवे खाणे त्या दिवशी काहीही करू नये. सुरुवातीच्या रेषेवर सर्वांत मागे उभे राहावे. बंदूक वाजताच पुढचे सारे सुसाट सुटतात आणि पहिला किलोमीटर प्रत्येक नवशिक्याची शुद्ध हरपतो. त्या क्षणी एकोणीसचा पाढा आठवावा.

मग ते पुढे जातील. तरुण मुले, सडपातळ बायका, कधी सत्तरीचे आजोबाही पुढे जातील. तिसऱ्या किलोमीटरनंतर त्यांतली काही चालताना दिसतील. नेमून दिलेला मुक्काम घेत, चार मिनिटे धावत, एक मिनिट चालत, जड गृहस्थ त्यांच्या बाजूने जाईल आणि मुद्दाम वेग वाढवणार नाही. पाच किलोमीटरला पन्नास मिनिटे लागोत की साठ, शेवटच्या रेषेपाशी घरचे उभे असतात. ज्यांना गेली काही वर्षे त्याच्या तपासणीचे कागद पाहून रात्री झोप लागत नव्हती, त्यांना त्या वेळेचा आकडा महत्त्वाचा नसतो. तो स्वतःच्या पायांनी आला, हे त्यांना दिसते.

पोहरादेवीचे संग्रहालय पाहायला येणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी लदेणीचा इतिहास वाचताना थोडे थांबावे. पूर्वजांचा माल ज्यांनी देशभर पोहोचवला, त्यांनी तो घाईने नव्हे, चालीने पोहोचवला. गावाबाहेरची वाट आजही तशीच चढत-उतरत जाते. पुढच्या खेपेला डिकीत एक बुटांचा जोड टाकून यावे. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, अर्धा तास पुरे.